न धरलेली झील

परवा ट्राममधून उतरले आणि समोर श्पार्गेलची, म्हणजे इथल्या पांढऱ्या शतावरीची, टपरी उभी. दर एप्रिलमध्ये ही लाकडी टपरी रस्त्याच्या कडेला अशीच उगवते आणि जून संपता संपता नाहीशी होते. आत एप्रन बांधलेली बाई, पुढ्यात पांढऱ्याफटक देठांच्या जुड्या, आणि गाड्या थांबवून उतरलेले लोक असे रांगेत, जणू वर्षभर त्यांना कुणी जेवायलाच घातलेलं नाही. जर्मनांचं या भाजीवरचं प्रेम मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. चव उकडलेल्या दुधीची आणि तोरा हापूसचा. तरी मीही दर वर्षी पहिली जुडी घेते, आणि घर येईपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं.

भाजी बिचारी काय करणार. मला आठवतो तो एका वर्षीचा एप्रिल, माझी लेक इरा सहा वर्षांची होती तेव्हाचा. आई जालन्याहून आमच्याकडे आली होती, आणि त्याच महिन्यात सुभद्राबाई इथे डार्मश्टाटला गायला आल्या होत्या.

सुभद्राबाई कोण, हे आमच्या वस्तीत कुणाला विचारलं असतं तर विचारणाऱ्यालाच लोकांनी खुळ्यात काढलं असतं. चौदा एप्रिल जवळ आला की चौकात मांडव पडायचा, निळ्या पताका लागायच्या, आणि विजेच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून त्यांचा आवाज यायचा. जाड, थोडा घोगरा, वरच्या पट्टीत गेला की चिरल्यासारखा होणारा. त्या आवाजात आम्ही घरं सारवली, नवे कपडे घातले, अभ्यासही केला. जयंतीच्या दिवशी स्वतः सुभद्राबाई यायच्या. पांढरं पातळ, निळे काठ, कपाळ मोकळं. माइकसमोर उभ्या राहून पहिला शब्द म्हणायच्या, ‘जयभीम’. मग चौकातून जे उत्तर यायचं त्याने समोरच्या दुकानांचे पत्रे थरथरायचे. शेवटी पाळणा. मांडवात फुलांनी मढवलेला पाळणा असायचा, बायका दोरी धरायला दाटी करायच्या आणि सुभद्राबाई सुरू करायच्या:

‘दोरी हलवा गं सयांनो हळू, बाळ आलंया वस्तीला,
पदराआड नका झाकू गं, उन्हात वाढू द्या त्याला.’

गायन पार्टीत मागे तीनचार जणी उभ्या असतात, त्यांना झीलकरी म्हणतात. गाणारी ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला थांबते तेव्हा त्यांनी ती ओळ अर्ध्यातून उचलायची आणि तिचा श्वास होईपर्यंत तोलून धरायची. याला झील धरणं म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं मागच्या नुसत्या री ओढतात. पण झील चांगली असेल तर गाणारीला आपण एकटे आहोत असं कधी वाटत नाही, असं आई सांगायची. तिला माहीत होतं, कारण लग्नाआधी दोन हंगाम ती सुभद्राबाईंच्या पार्टीत झीलकरी होती. उन्हाळाभर टेम्पोतून गावोगाव. मग लग्न झालं आणि आजोबांनी सांगितलं की आमच्या घरातली बाई स्टेजवर उभी राहणार नाही. स्वातंत्र्य, समता सगळं चौकात; घरात आजोबाच. आई पुढे सरकारी दवाखान्यात नर्स झाली, त्या पगारावर आम्ही शिकलो. पण जयंतीला गर्दीत उभी असताना ती पाळण्याची झील ओठांतल्या ओठांत धरायची. मी तिचा हात धरून उभी असायचे आणि मला ते तिच्या मनगटातून कळायचं.

इथल्या मराठी मंडळाने लोकगीतांचा कार्यक्रम ठरवल्याचं प्रशांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घरी येऊन सांगितलं तेव्हा मी भांडी घासत होते. तो मंडळाच्या कमिटीवर होता. “ओळख बघू कोण येणारे,” म्हणाला. नाव सुभद्राबाईंचं निघालं. मंडळ आणि सुभद्राबाई? ज्या मंडळात नव्या माणसाला पहिला प्रश्न ‘मूळचे कुठले?’ असतो, आणि गावाचं नाव सांगितलं तरी विचारणाऱ्याची खाज भागत नाही, ते मंडळ? प्रशांतचं आडनाव पाथ्रीकर. त्याच्या आजोबांनी गावावरून लावून घेतलेलं. त्या आडनावाच्या छत्रीखाली तो इथे कोरडा राहत आला. कुणी खोदून विचारलं तर ‘परभणीकडचे’ म्हणायचा आणि चहा आणायला उठायचा.

पण त्या दिवशी मला वाटलं, चला, माणसं बदलतात. किती मूर्खासारखं वाटलं ते.

आई जूनमध्ये यायची होती. फोनवर तिला कार्यक्रमाचं सांगितलं. म्हणाली, “मी एप्रिलमध्येच येते. बाई आता किती दिवस गातील आणि मी किती दिवस ऐकीन? एकदा त्यांच्या तोंडून पाळणा ऐकला की झालं.” गुडघे दुखतात म्हणून जालन्यात बाजाराला न जाणारी बाई दोन विमानं बदलून आली. बॅगेत कुरडया, शेंगदाण्याची चटणी आणि वर अलगद ठेवलेलं पांढरं, निळ्या काठाचं पातळ.

आमच्या वरच्या मजल्यावर तेव्हा फ्राऊ हॉफमान राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. दर रविवारी दुपारी त्यांच्या खिडकीतून अमेरिकन कंट्रीची गाणी यायची, घोडे, ट्रक आणि सोडून गेलेली माणसं. आई आलेली बघून त्यांनी चौकशी केली. मी म्हटलं, तिच्या आवडत्या गायिकेचा कार्यक्रम आहे. गावागावांतून, आपल्या लोकांची, आपल्या जगण्याची गाणी गातात त्या. “आख् झो, कंट्री-म्युझिक!” म्हणाल्या. मी “गेनाऊ”, अगदी तसंच, म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईसाठी केक आणून दिला, कार्यक्रमाला जाताना भूक लागू नये म्हणून.

आल्या आल्या आईला मी श्पार्गेलची शेतं दाखवायला नेलं होतं. मातीचे लांबच लांब वरंबे, त्यांवर काळं प्लास्टिक, आणि कमरेत वाकून काढणी करणारे रुमानियाहून हंगामापुरते आलेले लोक. आईने विचारलं, झाकलंय कशाला? मी सांगितलं, देठाला ऊन लागू द्यायचं नसतं. ऊन लागलं की रंग चढतो, मग भाजी पांढरी राहत नाही आणि लोक नाक मुरडतात. आई जरा वेळ बघत राहिली. “मग चव कुठून येणार तिला?” एवढंच म्हणाली.

कार्यक्रम शनिवारी दुपारी, ब्युर्गरहाउसमध्ये, म्हणजे गावाच्या सामाईक सभागृहात. हाउसमाइस्टरची, म्हणजे तिथल्या रखवालदाराची, ताकीद होती की भिंतीला खिळा नको आणि सहाला हॉल रिकामा. त्यामुळे रांगोळी पुठ्ठ्यावर, तोरण चिकटपट्टीने. मंडळाच्या अध्यक्षा नीलिमाताई दारात गजरे वाटत होत्या. आईच्या पातळाचे निळे काठ त्यांनी क्षणभर पाहिले आणि फार गोड हसल्या. आईने तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची धरली, इराला मांडीजवळ उभं केलं, आणि विचारलं, “पाळणा कुठं मांडणारेत?” मी म्हटलं, बघू.

सुभद्राबाई आल्या आणि मी त्यांना ओळखलंच नाही. हिरवी नऊवारी, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, खांद्यावर शेला. देखाव्यातल्या बाहुलीसारखं सजवून त्या म्हाताऱ्या बाईला स्टेजवर आणलं होतं. सोबत फक्त पेटीवाला आणि ढोलकीवाला. मागे झील धरायला कुणीच नाही. “हे काय घातलंय बाईंना?” आई कुजबुजली. पण तिचे हात जोडलेले होते आणि ओठ अर्धे उघडले होते. बाई पहिला शब्द म्हणतील आणि आपण उत्तर द्यायचं, ही तिची पन्नास वर्षांची सवय.

“नमस्कार मंडळी,” सुभद्राबाई म्हणाल्या.

आईचे हात हळूहळू मांडीवर आले.

कोळीगीत झालं. गोंधळ झाला. जात्यावरच्या ओव्या झाल्या. लोक टाळ्या वाजवत होते, मोबाइल वर धरून चित्रण करत होते, मातीचा वास आला म्हणत होते. आवाज थकला होता, पण तोच होता. वर गेला की चिरायचा. मला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्ही का येतंय ते नीट कळत नव्हतं. अजून वेळ आहे, पाळणा शेवटीच असतो, असं मी स्वतःला समजावत होते.

मग एका भलरीत, कापणीच्या गाण्यात, सुभद्राबाई ओळीच्या टोकाला श्वास घ्यायला थांबल्या आणि तिसऱ्या रांगेतून ती ओळ कुणीतरी उचलली. आईने. तिने ठरवून केलं नसावं. ठेच लागलेल्याला धरायला हात जातो तसा तिचा आवाज गेला. बारीक, स्वच्छ, नेमका. हॉलमधली डोकी वळली. सुभद्राबाईंनी हात वर करून ढोलकी थांबवली आणि कपाळाशी हात धरून खाली पाहिलं.

“कोन गं? मुक्ता का?”

आई उठून उभी राहिली. गुडघ्याचं तिला भानही नव्हतं. “जयभीम बाई,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “मुक्ताच. पाळणा घ्या ना बाई. मी झील धरते.”

कुणीतरी खोकलं. नीलिमाताई दुसरा माइक घेऊन पुढे आल्या. “किती गोड आजी! आपण सगळे एकच आहोत ना, म्हणूनच आज फक्त लोकगीतं ठेवलीत. ते विषय आज नकोत. आणि हॉलही सोडायचाय आपल्याला.” पाळण्याला विषय म्हणणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. प्रशांत स्टेजच्या कडेला उभा होता, गळ्यात कमिटीचा बिल्ला. तो भराभर आमच्या रांगेपर्यंत आला आणि आईच्या कोपराला धरून हळू आवाजात म्हणाला, “आई, बसा ना. प्लीज. सगळे बघतायत.”

आई त्याच्याकडे बघतही नव्हती. ती स्टेजकडे बघत होती. सुभद्राबाईंनी एकदा नीलिमाताईंकडे पाहिलं, एकदा प्रशांतकडे. नथ सारखी केली. ढोलकीवाल्याला मान हलवली आणि दुसरं कोळीगीत सुरू केलं.

आई बसली. त्या गाण्यात ओळीच्या टोकाला सुभद्राबाई पुन्हा थांबल्या, आणि मला दिसलं की त्या किंचित जास्तच थांबल्या. त्यांनी जागा ठेवली होती. आईने झील धरली नाही. ओळ तिथेच खाली पडली. पुढच्या कडव्यालाही. त्याच्याही पुढच्या. आई मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती आणि प्रत्येक वेळी ती रिकामी जागा आम्हा तिघींना, मला, तिला आणि त्या गाणाऱ्या बाईला, ऐकू येत होती. बाकी हॉल टाळ्या वाजवत होता.

नंतर कोट अडकवायच्या दांड्यांपाशी सुभद्राबाई आपण होऊन आल्या. नथ काढून हातात घेतली होती. आईच्या गालाला हात लावून म्हणाल्या, “मुक्ते, आवाज तसाच हाय गं तुजा.”

“पाळणा का नाही घेतला बाई?”

“सांगूनच आनलंय. गानी कोनती घ्यायची, काय नेसायचं, समदं. म्या नायच म्हनले असते. पर फोन करनाऱ्या सायबानं आधी जयभीम घातला, मंग सांगितलं की जयंतीची गानी नगं. आपलाच मानूस सांगतोय म्हनल्यावर म्या कुनाशी भांडू?”

कमिटीवर ‘आपला माणूस’ एकच होता. हॉलच्या दुसऱ्या टोकाला तो खुर्च्या एकात एक घालत होता, फार मन लावून.

गाडीत आई पुढे बसली, गुडघ्यांसाठी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते प्लास्टिकचे वरंबे. आईने सरळ समोर बघत विचारलं, “जावईबापू, फोन तुम्हीच केला होता ना?”

प्रशांतने नाकारलं नाही. एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. “आई, कमिटीनेच मला सांगितलं, ‘फोन तुम्हीच करा, तुमचं ऐकतील त्या’,” तो म्हणाला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि छत्रीखाली कोरडा राहिलो अशी समजूत एकट्या प्रशांतचीच होती. “तुम्हाला नाही कळणार. तिकडे तुमच्यामागे अख्खी वस्ती होती. इथे मोजकी माणसं. इराच्या वाढदिवसाला कोण येणार? आजारी पडलो तर कुणाला हाक मारायची?”

“बाईंनी पोटासाठी गिळलं,” आई म्हणाली. “तुमचं पोट तर भरलंय.”

मागच्या सीटवरून इराने विचारलं, ओमा, म्हणजे आजी, रागावली का? तिचा प्रश्न जर्मनमध्ये होता.

मी प्रशांतशी भांडले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि नंतर कित्येक महिने, अधूनमधून, दुसऱ्याच कशावरून तरी. त्याचं म्हणणं एकच, मी कुणाचं वाईट केलं? खरंच, त्याने कुणाला शिवी दिली नाही, कुणाला हाकललं नाही. फक्त एक फोन केला, तोही नम्रपणे. अपमान करायला माणसं परकी लागतात असा माझा समज होता. मंडळातल्यांचा मला फारसा राग येत नाही. त्यांच्याकडून मी वेगळं काय अपेक्षिलं होतं? पण माझ्या आईचं गाणं माझ्याच घरच्या फोनवरून बंद झालं, हे माझ्या पोटात आजही तसंच पडून आहे.

आई मात्र कुणाला टाकून बोलली नाही. जूनपर्यंत राहिली. रोज दुपारी माझ्या स्वयंपाकघरात खिडकी उघडून श्पार्गेल सोलायला बसायची, भाजीला नावं ठेवत, आणि इराला पाळणा शिकवायची. ‘मी गाते, तू झील धर.’ इराला मराठी कळायचं, पण बोलायला लावलं की जीभ जर्मनकडे वळायची. गाताना मात्र वळत नसे. आई पूर्ण ओळ गाऊन थांबायची आणि ती पोर सोलायचा चाकू हातात धरून, डोळे मिटून शेवटचं उचलायची: ‘उन्हात वाढू द्या त्याला, गं बाई, उन्हात वाढू द्या त्याला.’ वरून फ्राऊ हॉफमान कठड्यावर वाकून ऐकायच्या. एकदा त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. आपलं कंट्री-म्युझिक बंद करून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, पुन्हा एकदा. आईने त्यांच्यासाठी पुन्हा म्हटला. जर्मनीत सुभद्राबाईंचा पाळणा असा झाला, ब्युर्गरहाउसमध्ये नाही, आणि सुभद्राबाईंशिवाय.

दोन वर्षांनी आई गेली. बाईंच्या तोंडून पाळणा ऐकायचा राहिला तो राहिलाच. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. वस्तीतल्या बायकांनी तिला तेच पांढरं पातळ नेसवलं होतं असं भाऊ म्हणाला.

काल रविवार होता. मी परवा आणलेली जुडी घेऊन इरा खिडकीपाशी सोलायला बसली. आता ती बारा वर्षांची आहे, मराठीत विचारलं तरी उत्तर जर्मनमध्ये देते. सोलता सोलता गुणगुणू लागली. मी आतल्या खोलीत कपडे घड्या करत होते. बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही, आणि मग एकदम, ‘उन्हात वाढू द्या त्याला.’ पुन्हा शांतता, पूर्ण ओळीएवढी. पुन्हा ‘उन्हात वाढू द्या त्याला.’ माझ्या लक्षात आलं की पोरीला पाळणा येत नाही, फक्त झील येते. वरची ओळ आजीची होती. त्या ओळीपुरती ती मनात थांबते, आजीचं होऊ देते, आणि मग उचलते.

मी दारात आले तेव्हा प्रशांत खिडकीपाशी पोचला होता. त्याने खिडकी लावून घेतली, कडी नीट बसवली.

“रविवार आहे,” माझ्याकडे न बघता म्हणाला. “रूहेत्साइट.”

शांततेची वेळ रविवारी पाळायचीच असते. नियम नियम असतो, मला माहीत आहे. इराने मान वर केली. “पापा, हिअर फेरश्टेट डास डोख काइनर,” ती म्हणाली. इथे कुणाला कळतंय ते?

प्रशांतने वर छताकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तसं नाही बेटा. वर आता मराठी लोक राहायला आलेत ना.”

खरं आहे. फ्राऊ हॉफमान मागच्या हिवाळ्यात वृद्धाश्रमात गेल्या. वर पुण्याचं एक कुटुंब आलंय, चांगली माणसं आहेत, पहिल्याच आठवड्यात डबा घेऊन आली होती. मूळचे कुठले, एवढंच विचारलं त्यांनी. वर जर्मन बाई राहत होती तोवर आमची खिडकी उघडी असायची.